हिरीची फळी

आमच्या घरात सगळ्या पाण्याला मिळून एक शब्द पुरत नसे. विहिरीचं ते गोडं, खाडीचं ते खारं, मिठागराच्या वाफ्यांत उन्हाने आटत आलेलं ते जड. भरतीच्या तोंडाशी तिवरांच्या मुळांतून फेस घेऊन घुसायचं त्याला आई 'कोवळं' म्हणायची. का, ते मी कधी विचारलं नाही आणि आता सांगायला कोणी उरलेलं नाही. मुलुंडच्या पूर्वेला मिठागरं ओलांडली की मातीचा बांध लागायचा. बांधाच्या अलीकडे आमची पंधरा-वीस घरांची वाडी आणि पलीकडे तिवरं, चिखल, खाडी. ओहोटी लागली की चिखल उघडा पडायचा आणि बोलायला लागायचा. हजारो बारीक भोकांतून हवा सुटायची, तिची चुटचुट घरात बसून ऐकू यायची. त्या आवाजावर वाडीतल्या बायकांचा दिवस ठरायचा. घरात घड्याळ एकच, माझ्या मनगटावरचं, तंत्रनिकेतनात जायला लागल्यावर मिळालेलं. आत्या तेसुद्धा चिखलाच्या आवाजावरून लावायला सांगायची. "तुजा काटा चुकतंय र गजा, चिखल नाय चुकत."

आत्या म्हणजे हिरीआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरी. आई बाजारात मासळी विकायची, वडील होडी घेऊन खाडीत जायचे आणि आत्या चिखलावर जायची. चिखलावर जाणं हे वेगळं काम होतं. हातभर रुंद, माणसाच्या उंचीची एक फळी, पुढचं टोक वर वळलेलं. एक गुडघा फळीवर टेकवायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे लोटायचा आणि घसरत जायचं. बिळात हात घालून निवट्या, म्हणजे चिखलातल्या मासळ्या, धरायच्या, बोटांनी चाचपून तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढायच्या, कमरेच्या टोपलीत टाकायच्या. फळीशिवाय चिखलात पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे मुलांना चालायच्या आधी कळायचं. आत्याइतकी लांब वाडीतली कोणीच बाई जायची नाही. ती बांधावरून दिसेनाशी व्हायची आणि टोपली भरूनच दिसायला लागायची. निवट्यांचं तिखट कालवण ती करायची, चिंचेचा कोळ घालून, आणि शेजारी तांदळाची भाकरी फुगत असायची. मी इतकं चांगलं जेवण पुढे कुठेच जेवलो नाही. हे सगळेच म्हातारे आपल्या लहानपणाबद्दल म्हणतात, मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

वाडीतून दहावीच्या पुढे शिकायला गेलेला मी पहिला. यंत्राच्या शाखेत होतो. दुसऱ्या वर्षाला द्रवांचा विषय आला आणि आत्याला त्याचं फार कौतुक वाटलं. बांधावर कोणी भेटलं की सांगायची, "आमचा गजा पान्याचा शिकतंय." पांडूकाका, आमचे शेजारी, हसायचे. "पान्यात काय शिकाचा, हिरे? बुडाला का कलतंय ना!" पण संध्याकाळी मी घरी आलो की ती चुलीपुढे बसून विचारायची, "आज काय शिकवला?"

एकदा मी तिला व्याख्या सांगितली. ज्याला कितीही हलक्या हाताने बाजूला ढकललं तरी जो सरकतच राहतो, तो फ्लुइड.

"म्हंजे पानी," ती म्हणाली.

"पाणी, तेल, काकवी. हवासुद्धा."

"मंग तेल नि पान्यात फरक काय?"

"आतल्या आत घासण्याचा. काकवीत घासणं जास्त, म्हणून ती हळू वाहते. पाण्यात कमी. त्याला व्हिस्कॉसिटी म्हणतात."

तिने लगेच एक ताट घेतलं आणि एका कडेला पाण्याचा थेंब, तेलाचा थेंब, काकवीचा थेंब ओळीत ठेवले. ताट तिरकं केलं. पाणी पुढे, तेल मागून, काकवी सगळ्यात शेवटी. आत्या शर्यत बघावी तशी बघत होती. आई चुलीपुढून ओरडली, "वन्सं, ते ताट कोन घासनार?" तिकडे लक्ष न देता आत्याने कनवटीची चुन्याची डबी काढली, नखाने चुना उचलून चौथ्या थेंबासारखा ठेवला. चुना जागचा हलला नाही. तिने ताट आणखी तिरकं केलं. तरी नाही. मग ताटाला खालून टिचकी मारली आणि चुना सर्रकन घसरला.

"हा कोन मंग?" ती म्हणाली. "हलक्या हातानं ढकलला त उभा रातंय. हलवला का पातल होतंय. परत ठेवला का परत घट. चिखल पन असाच हाय. तुज्या सरांना इचार, चिखल पानी हाय का दगड."

मी विचारलं. इथेच सगळं सुरू झालं, म्हणून ते नीट सांगतो. वर्गात हात वर करून मी म्हटलं, "सर, चिखल फ्लुइड आहे की सॉलिड?" आधी मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी हसू आवरलं आणि म्हणाले, "पुस्तकाच्या शेवटी त्यावर एक प्रकरण आहे. पण ते अभ्यासक्रमात नाही. परीक्षेत चिखल येत नाही." यावर वर्ग पुन्हा हसला. त्या दिवसापासून माझं नाव 'चिखल्या' पडलं. डब्यात निवट्या असायच्या, तो डबा मी उघडेनासा झालो. शेवटचं प्रकरण उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही. चिखल म्हणजे फक्त जड पाणी, त्यात आणखी काही नाही, असं मी मनात ठरवून टाकलं. तरंगण्याचा नियम आम्हाला शिकवून झाला होता. चिखल पाण्याच्या दीडपट जड, माणूस पाण्याएवढाच, तेव्हा माणूस चिखलात बुडूच शकत नाही. छातीपर्यंतसुद्धा जाणार नाही. हे मी कागदावर मांडून आत्याला दाखवलं.

"बुडतंय कोन म्हनतंय?" ती म्हणाली. "चिखल बुडवत नाय, धरतंय."

"धरतंय म्हणजे काय? पुस्तकात असा शब्द नाही."

तिला वाटलं असेल, नसेल तसा शब्द.

सुट्टीत एका दुपारी मी तिच्याबरोबर चिखलावर गेलो. थंडीचे दिवस, ऊन सौम्य, ओहोटी पूर्ण लागलेली. ती पुढे गेली. मी माझी फळी बांधावर ठेवली, मुद्दाम, आणि चालत निघालो. कोणी बघत नव्हतं. मला फक्त स्वतःलाच दाखवायचं होतं. तीसेक पावलं गेलो, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. मग एका पावलाला दोन्ही पाय मांड्यांपर्यंत आत गेले आणि थांबले. माझं गणित बरोबर होतं. मी बुडालो नाही. पण पाय वर घेता येईना. मी हिसके दिले, जितके दिले तितका आणखी आत गेलो. मी आत्याला हाक मारली. लहान मूल मारतं तशी.

ती आली ती एका दमात. रागावली नाही. "हलू नको," एवढंच. स्वतः फळीवरून उतरली आणि फळी माझ्यासमोर आडवी घालून म्हणाली, "याच्यावर पोट टाक." मग टोपलीबरोबर असायचा तो डबा घेतला, खळगीतलं पाणी माझ्या मांडीच्या कडेने हळूहळू ओतत गेली आणि त्याच वेळी हाताने पायाजवळचा चिखल ढवळत राहिली. "पाय वढू नको. नुसता हलव, मासली शेपूट हलवतंय तसा." पाण्याची वाट पायाबरोबर खाली उतरत गेली आणि चिखलाने आधी एक पाय सोडला, मग दुसरा. पण माझ्यासाठी जो चिखल तिने पातळ केला, त्याच चिखलात ती उभी होती. मी फळीवर चढलो तेव्हा ती मांड्यांच्या वर गेलेली होती, आणि चिखल परत घट्ट व्हायला लागला होता. एवढं पाणी आणि एवढा वेळ आता तिच्यापाशी नव्हता. दूरवर खाडीची चंदेरी कड सरकताना दिसत होती. भरती लागली होती.

"तू जा," ती म्हणाली. "बांधावर तुजी फली हाय ना? ती नि ही दोनी घेऊन ये. मी हलत नाय. घाई करू नको."

मी तिच्या फळीवरून बांधावर पोचलो. माझी फळी तिथे होती, कोरडी. माझ्यापाशी दोन फळ्या होत्या आणि तीस-चाळीस पावलांवर ती. इतकी वर्षं मी लोकांना सांगितलं नाही ते हे, की मी परत गेलो नाही. मला जाता आलं नाही. त्या चिखलाकडे बघवत नव्हतं. मी वाडीकडे पळालो आणि ओरडलो.

माणसं आली. वडील, पांडूकाका, आणखी चार-पाच जण. पांडूकाका फळीला हात घालून म्हणाले, "मी जातंय." मी त्यांना अडवलं. म्हटलं, "काका, वेळ नाही. पाणी येतंय. दोर टाका. सहा माणसांचा जोर पुरतो, मी हिशेब केलाय." हिशेब मी केलेला नव्हता. पण मला कोणालाही फळीवरून जाताना बघायचं नव्हतं. ज्याने जायला हवं होतं तो मी होतो. आणि ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण पाण्याचं मी शिकत होतो. वडिलांनी विचारलं, "नक्की का र?" मी म्हटलं, "नक्की."

आत्या तिकडून ओरडत होती. वारा होता, पण शब्द कळत होते. "वढू नका! पानी येऊ दे! पानीच सोडवल!" पांडूकाका म्हणाले, "घाबरली ती, पान्याला बोलावतंय." मलाही तेच वाटलं. बुडवायला येणारं पाणी ती कशाला मागेल? दोराच्या टोकाला जाळ्याचा तरंगता लाकडी बोया बांधून आम्ही तो फेकला. तिसऱ्या फेकीला तिच्या हाताशी पडला. मी ओरडलो, "आत्या, काखेखालून बांध! आम्ही ओढतो!" ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोर बांधताना म्हणाली, "तू बोलतंस त वढ." हे तिने ओरडून नाही म्हटलं. ओठ हलले, तेवढ्यावरून मी ओळखलं.

आम्ही ओढलं. पहिल्यांदा काहीच हललं नाही. चिखल खालून ओढत होता, आम्ही वरून. मी म्हटलं, "एकदम, सगळे एकदम." दुसऱ्या वेळी तिचा आवाज आला. तो इथे लिहिता येत नाही. तिचा उजवा पाय खुब्यातून निखळला होता. वडिलांनी दोर सोडून दिला. मी दोर धरून उभा होतो. ओढायचा नाही, सोडायचाही नाही. याहून दुसरं काही करायला माझ्याजवळ उरलं नव्हतं. आणि मग पाणी आलं. कोवळं पाणी, फेस घेऊन, तिच्या कमरेशी. ते तिच्याभोवती फिरलं, खाली उतरलं आणि तिने दोन्ही हातांनी ते पायांशी ढवळलं, तशा अवस्थेतसुद्धा. थोड्या वेळाने ती आपोआप सैल झाली आणि पाण्यावर आडवी आली. पांडूकाका पोहत गेले आणि तिला हाताने घेऊन आले. दोराला कोणी हात लावला नाही. आम्ही नुसते थांबलो असतो, तर ती पाय ओले करून घरी आली असती.

हाडवैद्य झाला, दवाखाना झाला. पाय जागेवर बसला तो आखूड बसला. त्याच संध्याकाळी अंगण माणसांनी भरलेलं असताना कोणीतरी विचारलं, "पन हिरी फलीबिगर गेली कशी?" सगळे माझ्याकडे वळले. दोन्ही फळ्या बांधावर सापडल्या होत्या. मी म्हटलं, "विसरली असेल. तशीच पुढे गेली. मी मागून तिला धरायला गेलो." एवढी वाक्यं. माझं अंग चिखलाने भरलेलं होतं, त्यामुळे ती खरी वाटली. बायका हळहळल्या. "हिरी आनि फली इसरली? वय झाला म्हनाचा." मी दारातून बाहेर बघितलं. वडील विहिरीपाशी दोन्ही फळ्या घासत होते. एकीच्या पाठीवर ओला चिखल होता, दुसरी कोरडी होती. कोणती कोणाची ते त्यांना ठाऊक होतं, दोन्ही त्यांनीच बनवल्या होत्या. कोरडीवरही त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि ती पहिलीइतकाच वेळ घासली. आम्ही दोघे त्याबद्दल पुढे कधी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बायकांनी आत्यालाच विचारलं. मी कोपऱ्यात उभा होतो. ती छताकडे बघत म्हणाली, "झाला खरा. इसरली मी."

दोन महिन्यांनी मी पुस्तकातलं ते शेवटचं प्रकरण वाचलं. सात पानं. काही द्रव असे असतात, की ठरावीक जोर लागेपर्यंत ते घनासारखे उभे राहतात. काही ढवळल्यावर पातळ होतात आणि ठेवल्यावर पुन्हा घट्ट. उदाहरणं दिली होती: रंग, चुना, नदीमुखाचा चिखल. मी पुस्तक घेऊन तिच्या खाटेजवळ बसलो आणि मराठीत सांगत गेलो. तिने सगळं ऐकलं.

"म्हंजे मी बोललेली तेच," ती म्हणाली.

"हो."

"पुस्तकात लिवलंय?"

"हो, आत्या."

तिने चुन्याची डबी कनवटीला खोचली. मग म्हणाली, "मंग लोकांना सांग ना. पुस्तकातला नको. ते बाकीचा सांग." माझा हात तिने धरला नाही, रागाने बघितलंही नाही. "पाय गेला त गेला, र. पन मी फली इसरली म्हनतान ते नको वाटतंय. बाया मना आता पोरीसारखी समजवतान."

मी म्हटलं, "सांगतो. परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. नोकरी लागली. मग लग्न ठरत होतं. मग वडील आजारी पडले. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढची अकरा वर्षं, अगदी जाईपर्यंत, ती बांधापर्यंत काठी टेकत यायची आणि ओहोटीची चुटचुट ऐकत बसायची. तरुण सुना चिखलावर निघाल्या की हसून तिला म्हणायच्या, "हिरीआत्या, फली घेतली बग आमी!" तीही हसायची. मी एकदा तिथे होतो. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात कोणीतरी मला विचारलं, इंजिनिअर साहेब, चहा घेणार का, आणि मी हो म्हटलं.

पुढे सगळी नोकरी मी पंपांची केली. पाणी, तेल, रंग, गिरण्यांचा गाळ, जे वाहतं ते सगळं नळातून इकडून तिकडे नेलं. नवीन मुलं हाताखाली आली की त्यांना शेवटचं प्रकरण आधी शिकवायचो. ते का, हे त्यांना सांगितलं नाही.

वाडी आता नाही म्हटली तरी चालेल. बांधाच्या अलीकडे इमारती झाल्या, घरं चार उरली. गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने गेलो होतो. दारात एक तरुण मुलगा फोनवर बायकोला सांगत होता, "अगं अंगठीची पेटी घरीच राहिली, यार. माझी पार हिरीची फळी झाली!" मी काठी टेकून उभा राहिलो. म्हटलं, "अरे, हिरी फळी विसरली नव्हती." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मोठ्याने उच्चारलं. त्याने फोन बाजूला घेतला, आदराने, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "कोण हिरी, काका?"

"ती हिरीची फळी म्हणालास ना."

"ते होय! ते असंच म्हणतात आमच्यात. काही विसरलं की."

तो आत गेला. ज्यांना सांगायचं होतं ते सगळे गेले, आणि राहिलेल्यांना ती बाई होती हेच माहीत नाही. कोणासमोर काय दुरुस्त करायचं? तरी लिहून ठेवतो, कारण तिने एवढंच मागितलं होतं. हिराबाई, माझी आत्या, आमच्या वाडीत चिखलावर सगळ्यात लांब जाणारी बाई. ती फळी कधीच विसरली नाही. त्या दिवशी ती फळी माझ्या पोटाखाली होती.